चातीचा उतार

नाव विचारलं तर म्हणाली, सालीमाता.
पुंजाराम मिस्त्रीच्या आईनं तिथल्या तिथं हात जोडले:
"मातामाय आली बाप्पा आपल्या शेडात!"
ती हसली. खुर्ची पुसू नका म्हणाली
आणि थेट लेथपाशी जाऊन उभी राहिली.

हिंगणघाटापासून अठरा किलोमीटर,
नदीच्या अलीकडे आमचं वर्कशॉप.
आठ चात्यांचा चरखा बनवतो आम्ही, सोलरवर चालणारा,
वर्षाला चाळीसेक.
ती राहते फ्रान्सात, लियाँ नावाच्या शहरात.
बुर्किनातल्या बायांनी विणलेलं कापड
तिथं विकते, स्वतःच्या दुकानात,
त्या बायांनी ठरवलेल्या भावात.
कापूस आमचाही असाच, म्हणाली,
गाठीत बसून परदेशी जातो
आणि शर्ट होऊन परत येतो, महाग.
नागपुरात कधीकाळी शिकलेली तिची हिंदी
मिस्त्रीनं शेवटपर्यंत ऐकली, म्हणाला,
"मंग तुमी आमच्याच जिल्ह्यातल्या म्हना की."

भाव झाला. सहा मशिनी.
दुसरा चहा हातानं थोपवून ती म्हणाली,
सातवी मला नको.
सातवी माझा भाचा बनवेल, तिकडे.
तीन महिने तुमच्याकडे ठेवते,
शिकवणीचे पैसे वेगळे.

मी वही मिटली.
हिशेब माझ्याकडे, त्यामुळे मला आधी कळलं:
हे गिऱ्हाईक पुन्हा येणार नाही
म्हणूनच आलं आहे.

रात्री शटर ओढताना मिस्त्री म्हणाला,
"शिकवू. पन सारं नाई."

इसूफ आला डिसेंबरात.
दोन स्वेटरांवर मिस्त्रीचं जाकीट घालून
वेल्डिंगच्या ठिणगीवर हात शेकणारा.
ज्वारीची भाकर पाहून म्हणाला, ही तर आमची.
"तुमची कशी रे पोऱ्या?" म्हातारी भडकली,
आणि रागारागात आणखी एक वाढली.
फ्रेम शिकला, बेअरिंग शिकला,
तुटलेला पट्टा तिढा न पडता सांधायला शिकला.
फक्त चाती घासायची वेळ झाली
की मिस्त्री त्याला तिठ्यावर धाडायचा, चहा आणायला.
किती चहा आणले त्या पोरानं.

पळस फुलला तेव्हा तो गेला.

मग एका दुपारी व्हिडिओ कॉल.
मागे लाल माती, पत्र्याचं छप्पर, चार बाया,
आणि मधोमध सातवी मशीन, निळ्या रंगाची.
"मामा, धागा तुटून राह्यला."
आमचीच बोली, आमचाच हेल.
त्यानं ठपका ठेवला नाही. चातीपाशी मोबाईल नेला, बस्स.

मिस्त्री बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला.
तिथं ती चाती फिरत होती,
सूत धरत होती, सोडत होती.
मग मला म्हणाला, "वही आन."

उताराचा आकडा, किती लांबीला किती सूत,
बारा वर्षांत पहिल्यांदा माझ्या वहीत आला.
फोटो काढून पाठवला. पाच मिनिटांत इसूफचा अंगठा.
दोन दिवसांनी सालीमाताचे पैसे:
आकड्याचे, असं तिनं लिहिलं होतं.
कोणत्या खात्यात जमा करू, विचारलं,
तर मिस्त्री कानस शोधू लागला.

माझा भाऊ पुण्यात गाड्यांचे नकाशे काढतो.
दिवाळीला येतो, शेडापुढे सेल्फी घेतो.
त्यानं हा आकडा कधी मागितला नाही.
त्याचं सोडा.
चाती घासताना बारा वर्षं
या शेडात चहा कोण करत होतं?

परवा मिस्त्री बाजारात गेला होता.
वही उघडून लेथपाशी ठेवली,
ओढणी कमरेला घट्ट बांधली,
सळई धरली चकमध्ये.
तासाभरानं जे निघालं त्याचा फोटो
इसूफला धाडला, दुसऱ्या कोणालाच नाही.

उत्तर आलं:
"ताई, उतार जास्त झाला.
दुसरी घ्या."